घरच्या संगणकावर सी हॉक



आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. पुष्कळांनी तो पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला कोणाकडे तरी गेल्यावर. अशा ठिकाणी नौदलाच्या लढाऊ जेट विमानावर बोलायचे म्हणजे कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी, असे कोणी म्हणेल. पण आज मी ज्या विमानाविषयी सांगणार आहे ते आता कुठल्याच समुद्रावरून आपल्या नौदलासाठी उडत नाही. ते उडवायचे असेल तर घरातल्या संगणकावरच उडवावे लागेल, आणि संगणकाला समुद्र लागत नाही. केजला किंवा पाटोद्याला बसूनही हे काम होईल. शाळेच्या मास्तरांनी मनावर घेतले तर लवकर होईल.

विमानाचे नाव सी हॉक, म्हणजे समुद्री ससाणा. इंग्लंडच्या हॉकर कंपनीने त्याची घडण केली. मूळ नमुना २ सप्टेंबर १९४७ रोजी पहिल्यांदा उडाला. एक आसन, एक जेट इंजिन, सरळ पंख आणि नाकाच्या खाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. आपल्या नौदलाने विमानवाहू जहाज घ्यायचे ठरवले तेव्हा त्यावरचे लढाऊ विमान म्हणून सी हॉकची निवड झाली. जुलै १९६० मध्ये वेल्समधल्या ब्रॉडी या तळावर ३०० क्रमांकाचे पथक उभे राहिले. पांढरा वाघ हे त्याचे चिन्ह. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, आणि १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी विक्रांतच्या डेकवर पहिले जेट उतरवले. हेच ताहिलियानी पुढे १९८४ मध्ये नौदलाचे प्रमुख झाले.

डिसेंबर १९७१ च्या लढाईत बंगालच्या उपसागरातून सी हॉक उडाले आणि कॉक्स बाजार, चितगाव या बंदरांवर त्यांनी हल्ले केले. १९८३ च्या अखेरीस सी हॅरियर विमाने आली आणि सी हॉकची सद्दी संपली. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक उघड्यावर उभे असलेले पाहायला मिळते. सहलीला गोव्यात गेलात तर जरूर पाहा.

आणि विक्रांत? ती ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून राहिली, आणि २०१४ साली भंगारात निघाली. मुंबईच्या दारूखान्यात ती कापली गेली. २०१६ साली बाजारात आलेली बजाज व्ही ही मोटारसायकल तुमच्या गावात कोणाकडे असेल, तर तिच्या पेट्रोलच्या टाकीत विक्रांतचे पोलाद मिसळलेले आहे. लोखंड वाया गेले नाही, हे चांगलेच. परंतु त्या टाकीकडे पाहून जहाजाच्या डेकवर विमान कसे उतरत होते ते कोणाला कळणार नाही. संग्रहालयातल्या विमानाकडे पाहूनही कळणार नाही. ते फक्त उभे आहे. त्याची चाल गेलेली आहे.

ही चाल परत आणता येते का, हा आजचा विषय आहे.

फ्लाइट सिम्युलेटर हा शब्द काहींनी ऐकला असेल. जमिनीवर बसून उडण्याचे सोंग करणारे यंत्र, असे सोपे सांगता येईल. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने असे एक यंत्र केले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि वाजते पियानो बनवण्याचा कारखाना होता. त्याने ऑर्गनचे भाते घेतले आणि त्यांच्यावर एक छोटी लाकडी खोली बसवली. दांडा डावीकडे दाबला की भात्यातली हवा सुटे आणि खोली डावीकडे कले. भजनातल्या पेटीचा भाता डोळ्यांपुढे आणा म्हणजे झाले. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक अशा भात्यांवर शिकले. आज भात्याचे काम संगणकातले गणित करते. पडद्यावर आकाश, डोंगर, धावपट्टी दिसते; हातातला दांडा हलवला की गणित बदलते आणि पडद्यावरचे क्षितिज तिरके होते.

आता एखादे जुने विमान अशा सिम्युलेटरमध्ये पुन्हा उभे करायचे म्हणजे काय करायचे? आपल्याकडे बहुरूपी येत असत. पोलिसाचा वेश चढवून बहुरूपी दारात उभा राही आणि घरातली बाई क्षणभर खरेच दचके. ती दचके ती खाकी कपड्यांमुळे नव्हे, बरं का. खाकी कपडे कोणीही शिवून घेईल. त्याचे ते दरडावणे, काठी आपटणे, कमरेवर हात ठेवून घराकडे पाहणे, यात खरे सोंग असे. विमानाचेही असेच आहे. वेश निराळा, चाल निराळी.

वेश सोपा. सी हॉकचे नकाशे उपलब्ध आहेत, छायाचित्रेही आहेत. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ३९ फूट, आणि जहाजाच्या पोटात ठेवण्यासाठी पंख वर मिटले की सुमारे १३ फूट. ब्लेंडर नावाचा एक संगणक कार्यक्रम फुकट मिळतो, त्यात कुंभाराने माती ओढावी तसा आकार ओढून घडवता येतो. नववी-दहावीची मुले हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात. फक्त एक खुबी सांगून ठेवतो. आपल्याकडे नव्या बनावटीची सी हॉक होती, तशीच पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरलेली २८ विमानेही पुढे घेतलेली होती. त्या जर्मन विमानांची उभी शेपटी अधिक उंच होती. तेव्हा भारतीय सी हॉक म्हणून जे चित्र समोर असेल त्यातली शेपटी आधी पाहावी, मग मोजावी. पुष्कळ हौशी लोक इथेच घसरतात आणि एकाच विमानाला एकाचे धड आणि दुसऱ्याची शेपटी लावतात.

चालीसाठी मात्र आकडे लागतात, आणि इथून पुढे हे काम शाळेच्या गणिताच्या तासाला शोभेल असे होते.

पहिला आकडा वजनाचा. सी हॉक भरल्या अंगाने जास्तीत जास्त सुमारे ७,३०० किलो. पंखांचे क्षेत्रफळ जवळजवळ २६ चौरस मीटर. भागाकार करा. दर चौरस मीटरला २८० किलो, म्हणजे आपल्या बाजेच्या निम्म्या जागेवर ज्वारीची पावणेतीन क्विंटलची रास! एवढे ओझे हवेने उचलायचे. हवा ते कसे उचलते? मोटारसायकलवर मागे बसून हातात सूप धरले आणि त्याची पुढची कड जराशी वर केली तर सूप वर उसळते, हा अनुभव बाजारातून येताना कोणी ना कोणी घेतलेला असतो. वेग दुप्पट झाला तर ही उसळी दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट वेगाला नऊपट. वर्गाचा हा नियम एकदा मनात बसला की विमानाचे निम्मे कोडे सुटले.

दुसरा आकडा इंजिनाचा. रोल्स रॉइस कंपनीचे नीन नावाचे इंजिन, त्याचा रेटा सुमारे २,३५० किलो. म्हणजे ज्याचे वजन सात हजारांवर त्याला ढकलणारे बळ अडीच हजारांच्या आत. तरीही समुद्राच्या पातळीवर ताशी साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास वेग मिळे. या इंजिनाची धूर टाकायची वाट मोठी गमतीची होती. इतर जेटांचा झोत शेपटीच्या टोकातून सुटतो. सी हॉकमध्ये नळीला दोन फाटे फोडून झोत पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर काढला होता. नळी आखूड राहिली म्हणून रेट्याचे नुकसान कमी झाले, आणि मागच्या रिकाम्या जागेत तेलाची टाकी बसली. समुद्रावर परतताना चार घोट तेल जास्त असणे म्हणजे काय, हे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता हे आकडे द्यायचे कोणाला? फ्लाइटगियर या नावाचा सिम्युलेटर आहे. १९९७ पासून जगभरचे हौशी लोक मिळून तो करत आले आहेत. तो विकत घ्यावा लागत नाही, आणि त्याची आतली रचना उघडी आहे. कोणीही वाचावी, बदलावी आणि बदललेली पुन्हा वाटावी. त्यात यासिम नावाचा एक गणिती भाग आहे. त्याची रीत मला मोठी शहाणपणाची वाटते. हवेचा विरोध किती, उचल किती, असे किचकट प्रश्न तो आपल्याला विचारत नाही. तो म्हणतो, पंख कुठे आणि केवढे ते सांगा, वजन सांगा, इंजिनाचा रेटा सांगा, आणि दोन गोष्टी आणखी सांगा: हे विमान उतरताना किती वेगाने येत होते, आणि वर उंचावर किती वेगाने जात होते. एवढ्यावरून विरोध आणि उचल तो स्वतः काढतो. उत्तर दिलेले आहे, उदाहरण मांडा, अशातला हा प्रकार. गुरुजी मंडळींना तो नवा नाही.

पण मग सारे त्या दोन वेगांवर येऊन ठेपते. ते चुकीचे दिले तर संगणक कुरकुर न करता चुकीचे विमान उडवतो, आणि पडद्यावर ते दिसते मात्र हुबेहूब. मला या कामातली सगळ्यांत धोक्याची जागा हीच वाटते. सुंदर रंगवलेले खोटे विमान ओबडधोबड खऱ्या विमानापेक्षा वाईट, कारण पाहणारा त्यावर विश्वास ठेवतो.

आता डेककडे वळू. विक्रांतची लांबी ७०० फूट, म्हणजे २१३ मीटर. शाळेच्या चारशे मीटरच्या धावपट्टीची अर्धी फेरी आणि वर थोडे. त्यातही उडायला एक तुकडा, उतरायला दुसरा. एवढ्यात जेट विमान आपले आपण वेग घेऊ शकत नाही, म्हणून त्याला फेकावे लागते. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभे राहून पाखरांवर गोफण फिरवणाऱ्यांना फेकणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. इथे गोफण वाफेची होती. परळीच्या वीज केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात आणि तिने चक्र फिरवतात. विक्रांतवर बॉयलरची तशीच वाफ डेकखालच्या लांब नळीत सोडत. नळीतला दट्ट्या पुढे धावे आणि त्याला अडकवलेले विमान दोन-तीन श्वासांत हवेत भिरकावले जाई. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात अडकायचा. अडकला तर विमान जागीच थांबे. नाही अडकला तर? त्यासाठी उतरण्याची पट्टी जहाजाच्या मध्यरेषेला थोडी तिरपी ठेवलेली असे. वैमानिक टेकता टेकताच पूर्ण रेटा देई, आकडा हुकलाच तर समोर मोकळा समुद्र असे आणि तो पुन्हा वर जाई.

इथे नीन इंजिनाची एक सवय कळीची ठरते. त्या पहिल्या पिढीची जेट इंजिने हाकेला लगेच ओ देत नसत. रेटा मागितला की चक्राला वेग घ्यायला वेळ लागे. म्हणून उतरताना रेटा पार कमी करून चालत नसे. सिम्युलेटरमध्ये ही दिरंगाई सेकंदांत भरावी लागते. आळसाने ती शून्य ठेवली तर उतरणे पोरखेळ होते; आणि मुलांना वाटते, हे वैमानिक उगाच नावाजले जात होते.

आणखी एक हिशेब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. समजा विमान १२० नॉट वेगाने येत आहे. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. जहाज त्याच दिशेने २४ नॉटने पुढे पळत आहे. वारा नाही असे धरा. दोराला विमान भेटते ते १२० नॉटने नव्हे, १२० वजा २४ म्हणजे ९६ नॉटने. आता जहाजाला १६ च नॉट मिळाले असे समजा. मग दोराला १०४ नॉटचा धक्का. फरक आठच दिसतो. पण थांबवायची शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ९६ चा वर्ग ९,२१६ आणि १०४ चा १०,८१६. म्हणजे दोरावर सहाव्या हिश्श्याहून अधिक भार वाढला.

हे उदाहरण मी हवेतून काढलेले नाही. १९७१ च्या लढाईच्या वेळी विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते आणि तो बंद ठेवावा लागला होता. जहाजाचा वेग त्यामुळे कमी झाला होता. तरी नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी ते पूर्वेला पाठवण्याचा निर्णय घेतला, आणि कप्तान स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली त्यावरून विमाने उडत राहिली. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येते, किंवा येतही नाही. परंतु सिम्युलेटरमध्ये जहाजाचा वेग २४ वरून खाली आणून तेच विमान तेच मूल उतरवू लागले, की तो एक बॉयलर म्हणजे काय होता ते त्याच्या मनगटाला कळते.

फ्लाइटगियरमध्ये सी हॉक पूर्वीच केलेले आहे, हे सांगायला हवे. त्याच्या मार्गदर्शिकेत ते निमित्झ नावाच्या अमेरिकन जहाजावर उतरवण्याचा धडा आहे. सुरुवात तिथूनच करावी. आयते मिळते ते कशाला टाकायचे? परंतु निमित्झ ३३३ मीटर लांब, विक्रांतच्या दीडपट. सी हॉकला तिथे उतरणे म्हणजे तालमीतल्या पोराने जत्रेतल्या मोकळ्या मैदानात कसरत करणे. तेव्हा आपल्या डेकची लांबी, आपल्या दोरांची जागा, उंच शेपटी आणि पांढरा वाघ हे सारे आपल्याला भरावे लागेल. दुसरे कोणी ते आपल्यासाठी करील असे मला वाटत नाही.

साधनांचे म्हणाल तर, बऱ्याच शाळांत आलेले संगणक प्लास्टिकच्या आच्छादनाखाली सुखाने झोपलेले असतात. त्यांतला एखादा बऱ्यापैकी चित्रशक्तीचा असला की पुरे. दांडा विकत मिळतो, पण घरीही करता येतो. आपण ज्या रेडिओवर हे भाषण ऐकता त्याचा आवाज कमी-जास्त करणारी कळ फिरवून पाहा. तिच्या पोटात जो फिरता रोध आहे, तसेच दोन रोध दांड्याच्या बुडाशी काटकोनात बसवले की दांडा किती कलला ते मोजता येते. ते माप संगणकाला सांगायला आर्डुइनोसारखी एक छोटी पाटी लागते. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे तिथे ती कपाटात असेलच. दांड्याला जुन्या सायकलची मूठ लावली तरी सी हॉकला त्याचा राग येणार नाही.

शिक्षकांना एक आग्रहाची सूचना. मुलांकडून विमानाबरोबर एक वही ठेवून घ्या. प्रत्येक आकड्यासमोर लिहायचे: हा नकाशावरून मोजला, हा छापील पुस्तिकेतून घेतला, हा उडवणाऱ्याने सांगितला, आणि हा आम्ही अंदाजाने धरला. अंदाज करायला बंदी नाही. तो अंदाज म्हणून लिहिलेला असावा, म्हणजे उद्या खरा आकडा मिळाला की कुठे बदल करायचा ते कळते.

उडवणाऱ्याने सांगितलेला, असे मी म्हणालो. ज्यांनी १९७१ साली पंचविशीत सी हॉक उडवले किंवा डेकवर त्याच्या चाकांना अडणी लावल्या, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. सारेच वैमानिक नव्हते. दोर ताणणारे होते, वाफेची गोफण सांभाळणारे होते, इंजिन उतरवून धुणारे होते, आणि ते खेड्यापाड्यांतूनच भरती झालेले होते. आपल्या तालुक्यात नौदलातून निवृत्त झालेले कोणी आहे का, याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येईल. गावातल्या पारावर त्याहून लवकर होईल. असे कोणी आजोबा भेटले तर त्यांना लढाईची शौर्यकथा आधी विचारू नका, ती ते आपणहून सांगतील. त्यांना विचारा: रेटा मागितल्यावर इंजिनाचा आवाज चढायला किती वेळ लागे? तोंडाने तो आवाज काढून दाखवता का? आकडा दोरात अडकला की डेकच्या खाली कसला आवाज येई? पंख मिटताना हाताने काही धरावे लागे का? पावसाळ्यात डेकवर पाय घसरे का, आणि घसरला तर धरायला काय होते? आजोबा बोलत असताना मोबाईलवर त्यांचा आवाज भरून घ्या, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी वहीत उतरवा.